छंद म्हणून लाकूडकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाकूडकामावर ज्यांचा उदरनिर्वाह नाही, पण ज्यांचे मोकळे तास त्यातच जातात, अशांकडून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. व्यावसायिक सुताराला प्रत्येक तासाचा हिशेब द्यावा लागतो, छंद म्हणून काम करणाऱ्याला तो द्यावा लागत नाही. हत्यारे, सांधे आणि लाकूड यांविषयीची माझी बहुतेक मते या एकाच फरकातून तयार झाली आहेत, त्यामुळे ती प्रत्येक कारखान्याला लागू पडतीलच असे नाही.

सुरुवातीला कोणती हत्यारे घ्यावीत?

संच म्हणून विकली जाणारी तयार पेटी घेऊ नये. पुढची जी वस्तू करायची ठरली असेल, तिला लागतील तेवढीच हत्यारे घ्यावीत आणि प्रत्येक नव्या वस्तूबरोबर एखाद-दुसऱ्या हत्याराची भर घालावी. लहान पेटी किंवा स्टूल करायचे असेल तर अचूक गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन), पोलादी पट्टी, मार्किंग गेज (कडेला समांतर रेषा आखण्याचे साधन), आखणीसाठी धारदार सुरी, एक चांगली करवत, ६, १२ आणि २० मिलिमीटर रुंदीच्या तीन पटाश्या (लाकूड कापण्याच्या सपाट छिन्न्या), मोगरी (लाकडी हातोडा), एक रंधा, चार क्लॅम्प (भाग आवळून धरणारे शिकंजे) आणि धार लावायचे दगड एवढ्यावर काम पूर्ण होते. दगडांची खरेदी बहुतेक जण पुढे ढकलतात. माझ्या मते ते पटाशीबरोबर त्याच दिवशी यावेत, कारण नवी पटाशी कारखान्यातून येते तेव्हा ती क्वचितच कामाला लागण्याइतकी धारदार असते.

रंधा एकच घ्यायचा असेल तर क्रमांक ५ चा घ्यावा. १८६९ मध्ये हत्यारे बनवणाऱ्या अमेरिकेतील स्टॅन्ली कंपनीने लेनर्ड बेली यांची रंध्यांची पेटंटे विकत घेतली आणि त्या घराण्यातील धातूच्या रंध्यांचे क्रमांक आज इतर उत्पादकही वापरतात. क्रमांक ४ हा सुमारे २४० मिलिमीटर लांबीचा, पृष्ठभाग गुळगुळीत करण्याचा रंधा आहे, तर क्रमांक ७ हा सुमारे ५६० मिलिमीटर लांबीचा, कडा सरळ करण्याचा. क्रमांक ५ ची लांबी सुमारे ३५५ मिलिमीटर असते. तो या दोहोंची कामे थोड्या अधिक मेहनतीने करतो, आणि पात्याची धार किंचित कमानदार घासून घेतली तर खडबडीत फळीवरून जाड पापुद्रेही काढतो.

हाताची हत्यारे की यंत्रे?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कामांसाठी. जाड फळ्या चिरणे, त्यांची जाडी एकसारखी करणे ही कष्टाची आणि तोचतोचपणाची कामे यंत्रावर सोपवण्यात काही गैर नाही. सांधे कापणे, बसवणे आणि शेवटचा पृष्ठभाग तयार करणे मात्र मी हातानेच करतो. एकसारखे चाळीस सांधे करायचे असतील तर यंत्राची मांडणी करण्यात घालवलेला वेळ वसूल होतो, पण घरी एका वेळी एकच स्टूल होते आणि त्यात आठ-दहा सांधे असतात. तेवढ्यासाठी यंत्र जुळवून, टाकाऊ तुकड्यांवर चाचणी घेऊन मग खरा काप घेण्यापेक्षा करवत आणि पटाशी अनेकदा लवकर काम उरकतात. हाताने चूक होतानाही ती सावकाश होते, त्यामुळे ती दिसते आणि वेळीच थांबवता येते.

ओढून कापणारी जपानी करवत चांगली की ढकलून कापणारी?

ओढताना पाते ताणाखाली असते आणि वाकत नाही, म्हणून जपानी करवतीचे पाते पातळ ठेवता येते आणि काप अरुंद पडतो. नवशिक्याला तिच्याने सरळ कापणे सहसा लवकर जमते. मात्र आजच्या बहुतेक जपानी करवतींच्या दातांची टोके विशेष प्रक्रियेने इतकी कठीण केलेली असतात की कानस त्यांच्यावर चालत नाही आणि बोथट झाल्यावर पाते बदलावेच लागते. ढकलून कापणाऱ्या करवतीला घरी पुन्हा पुन्हा धार लावता येते.

करवत कोणतीही असो, लांबीच्या दिशेने चिरण्यासाठी आणि आडवे कापण्यासाठी दातांचा आकार वेगळा लागतो. चिरण्याचा दात छोट्या पटाशीप्रमाणे तंतूंची टोके खरवडत जातो, तर आडव्या कापाचा दात तिरका घासलेला असल्यामुळे सुरीसारखा तंतू तोडतो. करवत चालत नाही अशी तक्रार येते तेव्हा चुकीच्या दिशेची करवत हातात आहे का, हे मी आधी विचारतो.

जुनी, वापरलेली हत्यारे घ्यावीत का?

जरूर घ्यावीत, पण तीन गोष्टी तपासाव्यात. रंध्याच्या तोंडाजवळ ओतीव लोखंडाला तडा आहे का, पात्याची पुरेशी लांबी उरली आहे का, आणि पात्याच्या किंवा पटाशीच्या सपाट पाठीवर धारेजवळ गंजाचे खड्डे आहेत का. वरवरचा तांबूस गंज घासून जातो, खोल खड्डे जात नाहीत. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जेथे मिळतात ती रेषा, आणि त्यांपैकी एकावर खड्डा असेल तर धारेत तेथे खाच राहते. लाकडी रंध्याचा तळ वाकडा झाला असेल तर दुसऱ्या रंध्याने सरळ करता येतो, म्हणून त्याची काळजी करू नये.

धार कशी लावावी आणि किती वेळा?

या प्रश्नाचे उत्तर मी नेहमी लांबवतो, कारण लाकूडकामातील निम्म्या अडचणी बोथट हत्यारातून येतात, असे माझे ठाम मत आहे.

पहिले काम पाठीचे. पटाशीची पाठ धारेपासून निदान १५-२० मिलिमीटरपर्यंत पूर्ण सपाट आणि चकचकीत असली पाहिजे. हे एकदाच करावे लागते आणि त्याला वेळ लागतो. त्यानंतर उतार, म्हणजे धारेकडे तिरके घासलेले तोंड. सर्वसाधारण पटाशी आणि रंध्याच्या पात्याला २५ अंशांचा मुख्य उतार आणि त्याच्या टोकाला ३० अंशांची अगदी अरुंद पट्टी ठेवावी. प्रत्येक वेळी फक्त ही पट्टी घासायची असल्यामुळे काम दोन-चार मिनिटांत होते. खोल खाचा पाडण्याच्या, मोगरीचे घाव सोसणाऱ्या पटाशीला ३० ते ३५ अंश ठेवल्यास धार तुटत नाही.

दगडांचा क्रम १०००, ४००० आणि ८००० असा पुरतो (आकडा मोठा तितका दगड बारीक). पहिल्या दगडावर तोपर्यंत घासावे, जोवर पाठीच्या बाजूला धातूची बारीक कोर उलटलेली बोटाला जाणवत नाही. ती धारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाणवली पाहिजे. ती येण्यापूर्वीच पुढच्या दगडाकडे जाणे हे धार न लागण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे, कारण पुढचे दगड चकाकी वाढवतात, पण उतार धारेपर्यंत पोहोचलेला नसेल तर तो पोहोचवू शकत नाहीत. शेवटी पाठ दगडावर सपाट टेकवून ती कोर काढावी आणि चामड्याच्या पट्टीवर दोन-चार हात मारावेत. पाण्याचे दगड वापरता वापरता मध्ये खोलगट होतात, म्हणून ते हिऱ्याच्या कणांच्या सपाट प्लेटवर वरचेवर सपाट करून घ्यावे लागतात.

धारेची चाचणी अंगठ्याच्या नखावर किंवा हाताच्या केसांवर घेतात. त्यापेक्षा मऊ लाकडाच्या टोकाचा आडवा छेद तासून पाहावा. तंतू न चेपता, काचेसारखा पृष्ठभाग मिळाला तर धार लागली. विजेच्या ग्राइंडरवर काम करताना टोकाला निळा रंग चढू देऊ नये. साध्या उच्च कार्बन पोलादात तो सुमारे ३०० अंश सेल्सिअसला दिसतो आणि तेवढ्या भागाचा कडकपणा गेलेला असतो. किती वेळा धार लावावी, याचे उत्तर हत्यार देते: हात अधिक जोर लावू लागला की थांबावे. धार पूर्ण जाण्याची वाट पाहिली तर पाच मिनिटांचे काम अर्ध्या तासावर जाते.

रंधा मारताना तंतू उचकटतात. काय करावे?

तंतू पृष्ठभागाला समांतर नसतात, ते एका दिशेने वर चढत असतात. चढाच्या दिशेने रंधा मारला तर ते कापले जातात, उलट दिशेने मारला तर पाते त्यांच्याखाली शिरून त्यांना उचलते. म्हणून फळीच्या कडेवर रेषा कोणीकडे चढते ते पाहून दिशा ठरवावी.

लाकडाची रेषा जागोजागी पलटत असेल तर दिशा बदलून भागत नाही. अशा वेळी पात्यावर बसणारी लोखंडी टोपी धारेपासून ०.१ ते ०.२ मिलिमीटर इतकी जवळ आणावी. पापुद्रा वर येताच ती त्याला मोडते आणि तरफेसारखा पुढचा तंतू उचकटण्याची संधी देत नाही. टोपी आणि पाते यांच्यामध्ये प्रकाशही दिसता कामा नये, नाहीतर पापुद्रे तेथे अडकतात. हा उपाय रंध्याचे तोंड अरुंद करण्यापेक्षा अधिक गुणकारी आहे. तरीही एखादी गाठ ऐकत नसेल तर पोलादी स्क्रेपर (पृष्ठभाग खरवडणारा पातळ पत्रा) वापरावा.

लाकूड पुरेसे वाळले आहे हे कसे कळावे?

हवेत रचून ठेवलेल्या लाकडाला जाडीच्या प्रत्येक २५ मिलिमीटरमागे सुमारे एक वर्ष लागते, हा जुना ठोकताळा आहे. तो अंदाजापुरता ठीक आहे, कारण जात, हवामान आणि रचण्याची पद्धत यांवर पुष्कळ अवलंबून असते. आर्द्रतामापक नसेल तर फळी दर आठवड्याला तोलून वजन लिहून ठेवावे. वजन कमी होणे थांबले म्हणजे फळी त्या जागेच्या हवेशी जुळली. नेमका आकडा हवा असेल तर फळीच्या मधल्या भागातून पातळ तुकडा कापून लगेच तोलावा, सुमारे १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत भट्टीत वाळवावा, आणि गेलेल्या पाण्याच्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणावे.

लाकूड कधीही कायमचे वाळत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. ते हवेबरोबर पाण्याची देवाणघेवाण करत राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातील आर्द्रता सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावते, ६५ टक्क्यांना सुमारे १२ आणि ८० टक्क्यांना सुमारे १६. म्हणून वस्तू ज्या खोलीत राहणार आहे, तशाच हवेत फळ्या दोन-तीन आठवडे ठेवून मगच त्या मापात कापाव्यात.

लाकूड फुगते आणि आकसते, याचा रचनेत विचार कसा करावा?

लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलत नाही. ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंतही लांबीत साधारण ०.१ ते ०.२ टक्के फरक पडतो. रुंदीत मात्र तो मोठा असतो आणि वार्षिक वलयांच्या दिशेने तो वलयांना छेदणाऱ्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट असतो. सागवान हे स्थिर लाकूड मानले जाते, तरी त्याचे पूर्ण आकसणे त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आणि वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आहे. वलयांच्या दिशेने कापलेल्या फळीला बाक येतो तो याच असमानतेमुळे.

हा फरक प्रत्यक्षात किती होतो ते पाहू. ६०० मिलिमीटर रुंदीचा सागवानी मेजपृष्ठ वलयांच्या दिशेने कापलेल्या फळ्यांचा आहे आणि कोरड्या ऋतूपासून दमट ऋतूपर्यंत त्याची आर्द्रता ४ टक्क्यांनी बदलते असे धरले, तर त्याची रुंदी सुमारे साडेचार मिलिमीटरने बदलेल. हा बदल कोणताही स्क्रू, गोंद किंवा पॉलिश रोखू शकत नाही. पॉलिशचा थर तो फक्त संथ करतो. पृष्ठ खालच्या चौकटीला घट्ट गोंदाने चिकटवला किंवा साध्या भोकांतून स्क्रूने आवळला तर तो एक तर तडकेल किंवा चौकटीचे सांधे उखडेल.

उपाय जुने आणि साधे आहेत. मेजपृष्ठ धरणाऱ्या स्क्रूंची भोके रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत, किंवा चौकटीच्या आतल्या खाचेत सरकणारे लाकडी ठोकळे वापरावेत. दारासाठी चौकटीच्या खाचेत मोकळी बसणारी फळी करावी आणि ती खाचेत गोंदाने कधीही चिकटवू नये. दमट दिवसांत काम करत असाल तर फळी खाचेत जवळजवळ पुरती बसवावी, कारण ती पुढे आकसणारच आहे. कोरड्या दिवसांत दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावी. त्या फळीला चौकटीत बसवण्यापूर्वीच पॉलिश करावे, अन्यथा ती आकसली की कडेला रंग न लागलेली फिकट पट्टी दिसते. पेटीचा तळही असाच मोकळा ठेवावा. पेटीच्या चारही भिंतींच्या तंतूंची दिशा एकच, सभोवार फिरणारी असेल तर त्या एकत्र फुगतात आणि एकत्र आकसतात, म्हणून तेथील सांध्यांना धोका नसतो.

मला विचाराल तर लाकूडकामाचे खरे सौंदर्य येथे आहे. चौकटीतील फळी, मेजाच्या टोकाची आडवी पट्टी, खाचेतला तळ हे प्रकार केवळ शोभेसाठी आले असे वाटते, पण लाकडाच्या हालचालीला जागा करून देताना ते घडले आहेत.

पीळ पडलेली फळी सपाट कशी करावी?

फळीच्या दोन्ही टोकांवर आडव्या, अगदी सरळ आणि समांतर कडांच्या दोन पट्ट्या ठेवून एकीच्या वरच्या कडेवरून दुसरीकडे पाहावे. कडा समांतर दिसल्या नाहीत तर फळीत पीळ आहे. ज्या दोन विरुद्ध कोपऱ्यांना उंची आहे तेथूनच रंधा मारावा. आधी एक तोंड सपाट, मग त्याला काटकोनात एक कड, मग त्या तोंडापासून गेजने जाडी आखून दुसरे तोंड आणि शेवटी रुंदी, हा क्रम मोडू नये. दोन्ही तोंडांवरून साधारण सारखेच लाकूड काढावे. एकाच बाजूने पुष्कळ काढले तर आतला ताण आणि ओलाव्यातील फरक यांमुळे फळी दुसऱ्या दिवशी पुन्हा बाकते.

कोणता सांधा कोठे वापरावा?

पाय आणि आडव्या पट्ट्या जोडायच्या तेथे कूस आणि खाच (एका तुकड्याच्या टोकाची जीभ, म्हणजे कूस, दुसऱ्यातील खाचेत बसते). कुसाची जाडी लाकडाच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश ठेवावी. पेटी आणि खण यांच्या कोपऱ्यांना डव्हटेल (टोकाकडे पसरट होणाऱ्या दातांचा सांधा). त्याचा उतार मऊ लाकडात १:६ आणि कठीण लाकडात १:८ ठेवण्याची रूढी आहे. स्क्रूने जोडलेल्या वस्तू कमी प्रतीच्या मानू नयेत. कपाटाची मागची फळी किंवा कामाचे मेज यांना स्क्रू योग्यच आहे.

एका सांध्याची मी आवर्जून शिफारस करतो. खाचेच्या भिंतींतून आरपार भोक पाडावे, कुसातील भोक त्यापेक्षा १ ते १.५ मिलिमीटर खांद्याच्या (कूस जेथून सुरू होते त्या पायरीच्या) बाजूला सरकवून पाडावे आणि टोकाला निमुळती केलेली सरळ तंतूंची खुंटी ठोकावी. खुंटी कुसाला आत ओढते, सांधा क्लॅम्पशिवाय आवळला जातो आणि गोंद नसला तरी टिकतो. कारखान्याला हे परवडत नाही, कारण प्रत्येक सांध्याला वेळ लागतो. आपल्याकडे नेमका तोच असतो.

गोंद कोणता आणि किती वेळ दाबून ठेवावा?

घरातील वस्तूंसाठी पांढरा किंवा पिवळा पीव्हीए (पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेट) गोंद पुरेसा आहे. तंतूंच्या दिशेने जुळवलेल्या दोन कडांचा जोड नीट झाला तर तोडताना बहुधा लाकूड फाटते, जोड नाही. टोकाच्या आडव्या छेदावर मात्र केवळ गोंदाच्या भरवशावर राहू नये. गोंद लावल्यावर जुळवायला पाच ते दहा मिनिटे मिळतात, म्हणून आधी गोंदाशिवाय सर्व भाग एकदा आवळून पाहावेत आणि क्लॅम्प हाताशी मांडून ठेवावेत. अर्धा ते एक तास दाबून ठेवावे आणि चोवीस तास जोडावर ताण देऊ नये. हवा १० अंशांपेक्षा थंड असेल तर अनेक पीव्हीए गोंद नीट धरत नाहीत. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पसरवण्यापेक्षा तो रबरासारखा झाल्यावर पटाशीने सोलून काढावा. लाकडात मुरलेला पातळ गोंद पॉलिश केल्यावर डाग होऊन दिसतो.

खुर्ची किंवा वाद्य पुढे कधी तरी उकलून दुरुस्त करावे लागेल असे वाटत असेल तर सुमारे ६० अंशांना तापवून वापरायचा सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद) योग्य. उष्णता आणि ओलावा दिला की तो सुटतो.

पुस्तकांची फळी किती लांब चालेल?

येथे थोडे गणित उपयोगी पडते. पुस्तकांसारखा सगळीकडे सारखा पसरलेला भार असेल तर फळीचे मध्यभागी वाकणे लांबीच्या चौथ्या घाताने वाढते. ६०० मिलिमीटरची फळी ९०० केली तर ते सुमारे पाचपट होते. जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताचा आहे: जाडी दुप्पट केली की वाकणे आठवा हिस्सा होते. म्हणून फळी जाड करण्यापेक्षा पुढच्या कडेला उभी पट्टी चिकटवणे शहाणपणाचे. २० मिलिमीटर रुंद आणि ४० मिलिमीटर उंच पट्टी एकटीच, त्याच लाकडाच्या २५० मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर जाड फळीच्या जवळपास इतकी ताठ असते. सततच्या भाराखाली वाकणे वर्षानुवर्षे वाढत जाते, त्यामुळे पहिल्या दिवशीची सरळ फळी पाहून निष्कर्ष काढू नये. १८ मिलिमीटर जाडीसाठी मी ७५० मिलिमीटरच्या पुढे आधाराशिवाय जात नाही आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) असेल तर त्याच्याही बऱ्याच आधी थांबतो.

प्लायवूड वापरणे कमीपणाचे आहे का?

नाही. एकावर एक काटकोनात चिकटवलेल्या थरांमुळे प्लायवूड रुंदीत जवळजवळ हलत नाही, आणि मोठ्या कपाटाच्या बाजूंसाठी हा गुण अमूल्य आहे. कापण्यापूर्वी रेषेवर सुरीने खोल ओरखडा काढावा, म्हणजे वरचा पातळ थर फाटत नाही. २४४० × १२२० मिलिमीटरची फळी कागदावर मांडताना करवतीच्या कापाची सुमारे ३ मिलिमीटर रुंदी प्रत्येक ठिकाणी धरावी.

पॉलिश कोणते करावे?

आधी पृष्ठभागाविषयी. रंधा चांगला चालला असेल तर पॉलिशपेपर फारसा लागत नाही. लागला तर ८० किंवा १२० पासून १८० आणि २२० पर्यंत, एकही पायरी न गाळता जावे आणि तेथे थांबावे. शेवटचे हात तंतूंच्या दिशेने मारावेत.

घरी करण्यासाठी मला लाखेचे पॉलिश सर्वांत प्रिय आहे. एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे २४० ग्रॅम लाखेच्या पापड्या घातल्या तर नेहमीचे द्रावण होते आणि पहिल्या हातासाठी १२० ग्रॅमचे पातळ द्रावण चांगले. ते तासाभरात वाळते, खोलीत धूळ बसायला फारसा अवधी मिळत नाही आणि नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे वर्षांनंतरही दुरुस्ती सोपी राहते. पाणी, उष्णता आणि मद्यार्क यांपुढे मात्र ते टिकत नाही, म्हणून जेवणाच्या मेजासाठी व्हार्निश घ्यावे. तयार द्रावण काही महिन्यांत जुने होते आणि मग ते चिकट राहते. वापरण्यापूर्वी काचेवर थेंब वाळवून पाहावा.

जवसाच्या तेलाबद्दल एक गंभीर सूचना. हे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून सुकते आणि त्यात उष्णता निर्माण होते. तेलाचे फडके चुरगळून टोपलीत टाकले तर ती उष्णता आत साठते आणि ठिणगी नसतानाही फडके पेट घेऊ शकते. फडकी मोकळ्या हवेत एकपदरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवावीत. या बाबतीत आळस करू नये.

धूळ, आवाज आणि अपघात यांची किती काळजी घ्यावी?

छंद म्हणून काम करणारा माणूस या बाबतीत स्वतःला सूट देतो, कारण आठवड्यातून काही तासच काम असते. मला हे मान्य नाही. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले आहे आणि तिचा संबंध नाक व सायनस यांच्या कर्करोगाशी आहे. जमिनीवर दिसणारा जाड भुसा तितका घातक नाही. १० मायक्रॉनपेक्षा लहान, तासन्‌तास हवेत तरंगणारे कण फुप्फुसात जातात. धूळ यंत्रापाशीच ओढून घ्यावी, पॉलिशपेपर चालवताना चांगला मास्क लावावा आणि काम संपल्यावरही काही वेळ तो काढू नये.

आवाजाचे गणितही कठोर आहे. ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा धरली तर प्रत्येक ३ डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. टेबल सॉ (मेजात बसवलेली फिरती करवत) आणि राउटर (फिरत्या पात्याने खाचा आणि कडा कोरणारे यंत्र) सहज तेथवर पोहोचतात.

टेबल सॉवर लाकूड उलटे फेकले जाते ते पात्याच्या मागच्या, वर येणाऱ्या दातांनी ते पकडल्यामुळे. पात्यामागचा उभा सुरक्षा पत्रा कापलेल्या फटीला मिटू देत नाही, म्हणून तो कधीही काढून ठेवू नये. पात्याच्या रेषेत उभे राहू नये, आधाराशिवाय हाताने धरून कापू नये आणि फिरत्या यंत्रापाशी हातमोजे घालू नयेत. बोट लागताच सुमारे पाच मिलिसेकंदांत पाते थांबवणारी यंत्रणा स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये शोधली. ज्याला शक्य असेल त्याने असे यंत्र घ्यावे असे मी मनापासून सांगेन. राउटर पात्याच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने पुढे सरकवावा. दमलेले असताना यंत्र सुरू करू नये. त्या वेळी धार लावावी किंवा आखणी करावी.

जागा अगदी लहान आहे. कामाचे मेज कसे असावे?

एक चांगले मेज आणि त्याच्याभोवती हात फिरवण्याइतकी जागा मिळाली तर हाताच्या हत्यारांनी पुष्कळ होते. मेज जड हवे आणि ढकलल्यावर डुलता कामा नये. मेजापाशी हात खाली सोडून उभे राहावे. मनगट जेथे येते ती उंची रंधा मारण्यास सोयीची असते आणि बहुतेकांसाठी ती ८०० ते ९०० मिलिमीटरच्या दरम्यान येते. सांधे कापण्याला ती कमी वाटते, म्हणून मेजावर ठेवायचा उंच ठोकळा करून घ्यावा. हत्यारे भिंतीवर, हात लांबवल्यावर मिळतील अशी असावीत. दमट खोलीत लोखंडावर मेणाचा किंवा तेलाचा पातळ हात ठेवावा. शेजाऱ्यांच्या झोपेच्या वेळी मोगरी आणि यंत्रे बंद ठेवून धार लावणे, आखणी आणि पॉलिश ही शांत कामे करावीत.

उरलेल्या तुकड्यांचा ढीग हा प्रत्येकाचा प्रश्न आहे. ३०० मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांसाठी एकच खोके ठेवावे आणि ते भरले की त्यातले काढून टाकल्याशिवाय नवे घालू नये.

कामे अर्धवट राहतात. काय करावे?

एका वेळी एकच वस्तू हाती घ्यावी आणि तिला पूर्ण आकाराच्या आराखड्याने सुरुवात करावी. अर्धवट कामे बहुधा तेथे अडतात जेथे पुढचे पाऊल ठरलेले नसते. म्हणून दिवसाचे काम थांबवताना पुढचा काप पेन्सिलने आखून, त्याला लागणारी करवत मेजावर ठेवावी. अर्धा तास मिळाला तरी मग काम पुढे सरकते.

ओळखीचे लोक वस्तू करून मागतात. करून द्यावी का?

जी वस्तू आपल्याला करावीशी वाटत होती तीच घ्यावी आणि माप, लाकूड, पॉलिश हे लिहून ठरवावे. तारखेचे वचन देऊ नये. छंदाला मुदत लागली की लाकूड वाळण्याआधी कापले जाते आणि गोंद धरण्याआधी क्लॅम्प सुटतात. बाळाचा पाळणा, शिडी, उंच पलंग यांना विशेष जपावे. अमेरिकेतील नियमांनुसार पाळण्याच्या गजांमधील अंतर ६० मिलिमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. असे नियम आधी वाचून समजून घेता येत नसतील तर स्पष्ट नकार द्यावा. देताना वस्तूच्या खालच्या बाजूला लाकडाची जात, वापरलेला गोंद, पॉलिश आणि वर्ष लिहून ठेवावे, म्हणजे पुढे दुरुस्त करणाऱ्याला, तो कोणीही असो, सांधा उष्णतेने सुटेल की कापावा लागेल आणि जुन्या थरावर कोणता नवा थर बसेल, हे अंदाज न बांधता कळेल.